न उलथलेली बाजू

रोडगा भाजला गेला की नाही, हे वऱ्हाडात कोणी त्याच्या वरच्या रंगावरून ठरवत नाही. जाडसर दळलेली कणीक, तेलाचं मोहन, मीठ आणि ओवा. पाऱ्या एकीवर एक ठेवून त्यांचा गोळा वळायचा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर तो फिरवत राहायचा आणि शेवटी गरम राखेत पुरून ठेवायचा. वरचं कवच लवकर तांबूस होतं, कुठे कुठे करपतंसुद्धा. आतल्या पाऱ्यांपर्यंत आच पोचायला मात्र बराच वेळ जातो. वांग्याची भाजी तयार असते, वरण उकळत असतं, मंडळी पानावर बसायच्या घाईत असतात आणि कुणीतरी रंग बघूनच रोडगे काढायला लागतं. तेव्हा जाळाजवळ बसलेला जाणता माणूस म्हणतो, ‘पयले एक फोडून त पाय, बावा.’ या पुस्तकात गोळा केलेल्या म्हणी आणि वाक्प्रचार त्या जाणत्या माणसाच्या तोंडचे आहेत. त्यांचा विषय आहे कच्चा बेत.

इंग्रजीत अशा बेताला ‘हाफ-बेक्ड’ म्हणतात, म्हणजे अर्धाच भाजलेला. सतराव्या शतकाच्या आरंभापासून कच्च्या विचारासाठी आणि कच्च्या समजुतीच्या माणसासाठी हा शब्द तिकडे वापरात आहे. तो कसा रुजला हे समजायला त्या काळची भट्टी डोळ्यांसमोर आणावी लागते. विटांच्या घुमटात लाकडं पेटवायची, विटा तापल्या की निखारे आणि राख ओढून बाहेर काढायची, पाव आत सरकवायचे आणि तोंड बंद करायचं. पुढचं भाजणं विटांनी धरून ठेवलेल्या धगीवर. दार पुन्हा पुन्हा उघडलं तर धग जाते, न उघडावं तर आत काय चाललंय ते दिसत नाही. भट्टी नीट तापली नसेल किंवा घाई झाली असेल, तर वरून पापुद्रा धरलेला आणि आत चिकट कणीक, असा पाव हाती येतो. तिकडच्या खेड्यांत मंद समजल्या जाणाऱ्या माणसाबद्दल आणखी एक बोलणं रूढ होतं: याला पावांबरोबर आत घातलं आणि केकांबरोबर बाहेर काढलं. केक लवकर होतात, पावाला वेळ लागतो. माणसाबद्दल असं बोलणं निर्दय आहे. बेताबद्दल म्हणाल तर त्यात मोठं निरीक्षण आहे, कारण कितीतरी बेत दुसऱ्याच कशाच्या तरी वेळेवर बाहेर काढलेले असतात: निवडणुकीच्या तारखेवर, अंदाजपत्रकाच्या ३१ मार्चवर, लग्नाच्या मुहूर्तावर.

याहून जुनी आणि मला अधिक मोलाची वाटणारी प्रतिमा बायबलच्या जुन्या करारात आहे. होशेय हा संदेष्टा एफ्राइमच्या लोकांना उलथली न गेलेली भाकर म्हणतो. एक बाजू करपलेली, दुसरी कच्ची. आपल्याकडे मुलांना घालतात ते कोडं आठवा: भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं? तिन्हींचं उत्तर एकच, फिरवलं नाही म्हणून. अर्धं भाजणं आणि न उलथणं यांत मला मोठा फरक दिसतो. अर्ध्या भाजलेल्या भाकरीला वेळ कमी पडलेला असतो, तो दिला की ती होते. न उलथलेल्या भाकरीला कितीही वेळ दिला तरी ती एकाच अंगाने जळत राहते. या म्हणींच्या मागच्या गोष्टी जमवताना मला वारंवार हेच दिसत गेलं. फसलेल्या बेताची एक बाजू बहुधा कसून भाजलेली असते. बेत करणाऱ्याने तिच्यावर रात्री घालवलेल्या असतात. कच्ची राहिलेली बाजू दुसऱ्याची असते. ज्याच्या हातांनी, पैशांनी किंवा आयुष्याने तो बेत उभा राहायचा असतो, त्याच्या बाजूकडे कोणी तव्यावर हात घातलेला नसतो.

मराठीत कच्च्या बेतासाठी एक शब्द पुरला नाही. क्रम चुकला तर ‘आधी कळस मग पाया’. वेळ चुकली तर ‘तहान लागल्यावर विहीर’ किंवा ‘वरातीमागून घोडं’. ऐपत नसताना आखलेला बेत ‘बोलाचीच कढी, बोलाचाच भात’. आपल्या सोयीने मुहूर्त धरणारा ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’. दुरून, आपल्या उंचीवरून सल्ला देणारा ‘उंटावरचा शहाणा’. पंचतंत्राने तर आपलं पाचवं आणि अखेरचं तंत्रच याला वाहिलं आहे. ‘अपरीक्षितकारक’ हे त्याचं नाव, तपासून न बघता केलेल्या कामांचं. सातूच्या पिठाने भरलेल्या मडक्याखाली पडून बायको, मुलगा, घरदार सगळं मनात उभं करणारा आणि त्याच तंद्रीत लाथ मारून मडकं फोडणारा ब्राह्मण तिथलाच. त्याच्या गोष्टीतही तो लाथ कुणाला मारत असतो ते बघावं. मनातल्या बायकोला. तिने मनातल्या मुलाकडे लक्ष दिलं नाही म्हणून.

ही लाथ आणि आपल्या भटाचा हात एकाच घरातले. ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण आपण इतक्या सहज उच्चारतो की तिच्यात एक बाई मार खाते आहे, हे ऐकू येत नाही. तूर अजून बाजारात आहे. वरण घट्ट करायचं की पातळ, यावरून घरात वाद होतो आणि हात उठतो. बेत त्याचा, मार तिला. हसण्याच्या ओघात लोकांनी फार खरी गोष्ट नोंदवून ठेवली आहे.

आणि तूर म्हणजे अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्याचं रोजचं पीक. मृगाचा पाऊस पडला की कपाशीच्या ओळींमध्ये तुरीचं एखादं तास पडतं. कपाशीची वेचणी चालू असताना तूर फुलते, शेंगा धरते आणि पौष-माघाच्या सुमाराला खळ्यावर येते. म्हणजे किती तूर पेरायची हे ठरतं जूनमध्ये आणि तिला काय भाव मिळणार हे कळतं सहा-सात महिन्यांनी. हे मधले महिने ज्याने हिशेबात धरले नाहीत, त्याचा तुरीबद्दलचा कुठलाही बेत कच्चाच.

२०१६-१७ च्या हंगामात हे सगळ्या राज्याने पाहिलं. आदल्या वर्षी दुष्काळ होता, तूरडाळ किलोला २०० रुपयांवर पोचली होती आणि शहरांत ओरड झाली होती. उपाय म्हणून शेतकऱ्याला कडधान्य जास्त पेरायला सांगितलं गेलं. बोनस धरून तुरीचा हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये जाहीर झाला. जुलै २०१६ मध्ये, पेरण्या चालू असतानाच, मोझांबिकमधून कडधान्य आणण्याचा करार झाला. त्यात पहिल्या वर्षी १ लाख टनांपासून २०२०-२१ पर्यंत २ लाख टनांपर्यंत जायचं होतं. पाऊस चांगला झाला. महाराष्ट्रात आदल्या वर्षी साडेचार लाख टनांच्या आसपास पिकलेली तूर त्या वर्षी २० लाख टनांवर गेली.

पेरणीची बाजू उत्तम भाजली गेली होती, यात शंका नाही. विक्रीच्या बाजूला आचच लागली नाही. भाव चार हजारांच्या आसपास आणि त्याखालीही उतरले. खरेदी केंद्रांवर काटे कमी, माणसं कमी, आणि सगळ्यांत लवकर संपला तो बारदाना. तूर होती, घेणारा होता, भरायला पोती नव्हती. ट्रॅक्टर आणि मेटॅडोर बाजार समित्यांच्या आवारात रांगेत उभे राहिले, शेतकरी पोत्यांवर रात्री काढू लागले, आणि २२ एप्रिल २०१७ ला नाफेडची खरेदी थांबली. नंतर त्या तारखेपर्यंत केंद्रांवर आलेली तूर घ्यायचा निर्णय झाला. तुरीच्या आयातीवर मर्यादा आली ऑगस्टमध्ये आणि निर्यातीवरची बंदी उठली सप्टेंबरमध्ये. तोवर ज्याला खरिपाचं बियाणं घ्यायचं होतं, त्याने आपली तूर मिळेल त्या भावाला देऊन टाकली होती. मला यात कुणाची दुष्ट बुद्धी दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की २० लाख टन तूर येणार असेल तर किती पोती लागतील, हा प्रश्न ज्या वेळी विचारायला हवा होता त्या वेळी कुणी विचारला नाही. हा प्रश्न विचारायला मंत्री लागत नाही. आडतीवर हमाली करणारा माणूसही तो विचारू शकला असता, त्याला बोलावलं असतं तर.

सत्ताधाऱ्याच्या कच्च्या बेताला मराठीत एक वेगळं विशेषण आहे आणि त्याचा जन्म आपल्याच मुलखात, देवगिरीच्या पायथ्याशी झाला आहे. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास दौलताबादला राजधानी हलवायचं ठरवलं. नकाशावर ती कल्पना चांगली होती: दक्षिणेतला नवा मुलूख दिल्लीहून सांभाळता येत नव्हता, आणि किल्ला अजिंक्य होता. वाटेवर सोयीही केलेल्या होत्या. ज्यांना घरं सोडायची होती त्यांची बाजू मात्र उलथली गेली नाही, आणि काही वर्षांतच परतीची परवानगी द्यावी लागली. त्याची तांब्या-पितळेची नाणी हे माझ्या दृष्टीने याहून शिकण्यासारखं उदाहरण आहे. चांदीच्या नाण्याइतकीच किंमत असलेलं हलक्या धातूचं नाणं, ही कल्पना मूर्खपणाची मुळीच नव्हती. चीनमध्ये कागदाचा पैसा आधीपासून चालत होता आणि आज आपण सगळे तशाच पैशावर जगतो. पण आपलं नाणं कुणालाही घरी पाडता येणार नाही, याची तजवीज नव्हती. खोट्या नाण्यांचा पूर आला आणि शेवटी खजिन्यातून चांदी देऊन ती नाणी परत घ्यावी लागली. अजूनही एखादा वटहुकूम लोकांना विचारल्याशिवाय निघाला की मराठी वर्तमानपत्रं ‘तुघलकी निर्णय’ असा मथळा देतात. सहाशेहून अधिक वर्षं एका राजाचं नाव असं जिवंत राहणं, ही त्या राजाला झालेली मोठी शिक्षा म्हणावी लागेल.

आता कौंडण्यपूर. या प्रस्तावनेचा खरा मुक्काम हाच आहे. अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, वर्धेच्या काठावर हे गाव आहे. विदर्भाचा राजा भीष्मक याची राजधानी कुंडिनपूर ती हीच, अशी परंपरा. मो. गं. दीक्षित यांनी इथे उत्खनन केलं, त्याचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि गावाचं जुनेपण जमिनीच्या थरांतूनही दिसून आलं. पण गावाला ओळख दिली ती रुक्मिणीने. पंढरीच्या रखुमाईचं हे माहेर.

रुक्मिणीहरणाची गोष्ट आपण वीराची आणि प्रीतीची म्हणून ऐकतो. मला ती दोन बेतांची गोष्ट वाटते, एक कच्चा आणि एक पूर्ण पिकलेला, आणि दोन्ही एकाच घरात, एकाच वेळी शिजत होते. कच्चा बेत भावाचा. रुक्मीने बहीण चेदीच्या शिशुपालाला द्यायची ठरवली. वडिलांच्या मनात कृष्ण होता, ते मुलापुढे नमले. तयारीत कमी काहीच नव्हतं. नगर सजलं, मुहूर्त ठरला, कृष्ण येऊन विघ्न आणील या भीतीने जरासंध, शाल्व, दंतवक्त्र, पौंड्रक असे राजे सैन्य घेऊन आले. म्हणजे धोका ओळखलेला होता, बंदोबस्त होता, मित्रपक्ष होता. एवढ्या सगळ्यात जिचं लग्न होतं तिला कोणी विचारलं नव्हतं. रुक्मीच्या बेतात रुक्मिणी ही देण्याची वस्तू होती, आणि ती स्वतःही बेत करू शकेल हे त्याच्या सैन्याच्या कुठल्याच मोजणीत आलं नाही.

तिने केलेला बेत भागवताच्या दशम स्कंधात सात श्लोकांच्या पत्रात सापडतो. एका विश्वासू ब्राह्मणाबरोबर ते द्वारकेला जातं. आपल्याकडे कीर्तनांत त्या पत्राचा आर्त भाव सांगतात. तो आहेच. पण त्या आर्ततेच्या खाली किती थंड डोक्याने विचार केलेला आहे! कधी यायचं ते तिने सांगितलं आहे. गुप्तपणे या पण सेनापतींसह या, असं कळवलं आहे. आणि मग ती कृष्णाच्या जागी जाऊन उभी राहते. अंतःपुरात असलेल्या मुलीला तिच्या आप्तांना मारल्याशिवाय कसं न्यायचं, अशी शंका तुम्हाला येईल, हे तीच लिहिते आणि तीच वाट दाखवते: लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीची मोठी यात्रा असते, नववधू नगराबाहेर गिरिजेच्या देवळात जाते. तिथे भेटा. बेत करताना समोरच्याची अडचण त्याच्या आधी आपण ओळखणं, याचं याहून चांगलं उदाहरण मला आपल्या वाङ्मयात आढळलेलं नाही. शत्रूचं सैन्य, घरची रीत, देवळाची वाट, भावाचा जीव, या सगळ्या बाजूंना तिने आच लावली होती. पुढे लढाईत रुक्मी हरतो आणि कृष्ण त्याच्यावर शस्त्र उगारतो, तेव्हा त्याचा जीव वाचवायला हात जोडते तीही रुक्मिणीच.

रुक्मीने मात्र निघतानाही एक कच्चा बेत केला. कृष्णाला मारून बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा करून तो गेला. हरला, केस-मिशा भादरून घेऊन सुटला, आणि प्रतिज्ञेमुळे घरी जाता येईना म्हणून भोजकट नावाचं वेगळं नगर वसवून तिथे राहिला. अमरावतीजवळचं भातकुली म्हणजे ते भोजकट, असं या भागात मानतात. भोजकट हे नाव पुढेही टिकलं: अचलपूरजवळच्या चम्मक इथे मिळालेल्या वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटात भोजकट-राज्याचा उल्लेख आहे. एका अविचारी शपथेपोटी वसलेलं नगर राज्याला नाव देऊन गेलं, असं कथा आणि ताम्रपट शेजारी ठेवून म्हणता येतं.

या गोष्टीची गोडी मराठीला पहिल्यापासून आहे. याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात महदंबेने धवळे रचले, ते रुक्मिणीच्या लग्नाचे. नरेंद्राने तिच्यावर काव्य केलं, एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत ‘रुक्मिणीस्वयंवर’ पुरं केलं. याच एकनाथांच्या एका भारुडात भवानीला रोडगा कबूल करणारी सासुरवाशीण आहे. घरातलं एकेक माणूस दूर कर, मला एकटीला राहू दे, असं ती मागते. त्या भारुडाचा परमार्थ वेगळा आहे हे मान्य. पण ज्या घरात बोलायची सोय नाही तिथे बाईचा बेत नवसाच्या रूपाने बाहेर पडतो, हेही त्यात ऐकू येतं. रुक्मिणीला पत्र न्यायला निदान एक माणूस मिळाला.

म्हणूनच या म्हणी वापरण्याबद्दल एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. म्हण जमवताना ती कोण कुणाला म्हणतो, हेही मी टिपत गेलो. थोरला धाकट्याला म्हणतो, सासू सुनेला, मालक सालदाराला. उलट दिशेने म्हण जाताना फार क्वचित ऐकू येते. नव्याने काही सुचलेल्या मुलापुढे ‘बाजारात तुरी’ फेकली की तो गप्प बसतो आणि त्याचा बेत कच्चाच राहतो, कारण विस्तव विझवल्यावर भाजणार कसा? कल्पना कच्ची असणं हा दोष नाही. प्रत्येक कल्पना आधी कच्चीच असते. जाळाजवळचा माणूस रोडगा फोडतो तो आत कच्चा निघाला तर बाकीचे पुन्हा राखेत सारण्यासाठी, फेकून देण्यासाठी नव्हे. ज्यांच्या बेताने हजारोंचं नुकसान होतं त्यांच्यापुढे म्हण उच्चारायला आपली जीभ अडखळते, आणि ज्याच्या बेताने फार तर एक वाफा वाळेल त्याला आपण दहा म्हणी ऐकवतो. हा व्यवहार बदलावा, अशी माझी इच्छा आहे.

पिकलेला बेत कसा असतो हे बघायला कौंडण्यपुरातच थांबावं. इथून रुक्मिणीची पालखी आषाढीला पायी पंढरपूरला जाते. परंपरा चारशेहून जास्त वर्षांची सांगतात, आणि विदर्भातून पंढरपूर गाठायला महिन्याहून अधिक चालावं लागतं. आज कुठे विसावा, रात्री कुठल्या गावी मुक्काम, पंगत कोणाकडे, पाणी कुठे, आजारी पडलं तर काय, हे सगळं ठरलेलं असतं, आणि ते एकट्या कुणाचं ठरवलेलं नसतं. वाटेवरच्या गावाने हो म्हटल्याशिवाय मुक्काम पडत नाही. पाऊस लांबला, पूल वाहून गेला, एखादं घर पंगत घालणारं उरलं नाही, तर पुढच्या वर्षी वाट तेवढ्यापुरती बदलते. चालणारे आणि जेवू घालणारे, दोघांनी मिळून तो बेत पिढ्यान् पिढ्या फिरवत ठेवला आहे.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडं. म्हणी अकारविल्हे लावल्या असत्या तर शोधायला सोपं गेलं असतं, पण मी त्या नुकसान कुणाचं होतं यावरून लावल्या आहेत. पहिल्या भागात बेत करणाऱ्याचं स्वतःचंच मडकं फुटतं अशा म्हणी आहेत, दुसऱ्यात बेत एकाचा आणि मार दुसऱ्याला अशा. वऱ्हाडी बोलीतल्या म्हणी बोलल्या जातात तशाच लिहिल्या आहेत, त्यांना प्रमाण मराठीचं पाणी दिलेलं नाही. दुसरा भाग पहिल्यापेक्षा बराच मोठा झाला आहे. वाचकाने तो आधी वाचला तरी चालेल.